गोदामातला खोकला

शेलूबाजारच्या त्या गोदामात खोकला आधी ऐकू यायचा आणि भाऊसिंगला नंतर लागायचा.

पुराचं पाणी शिरलेल्या गोदामाचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचं काम त्यानं एकट्यानं अंगावर घेतलं होतं. कामावरच्या साहेबानं बजावलं होतं, "अ‍ॅस्बेस्टॉस आहे, याची धूळ छातीत गेली की फुप्फुसं खाते. पाणी मारून ओले करा, तोंड बांधा, पत्रा फोडू नका."

"तीन हप्ते झाले हे गोदाम वाळवून राह्यलो," भाऊसिंग म्हणाला होता, "अन् आता मीच पाणी टाकू?"

त्यानं पत्रे कोरडेच फोडले. पांढरी धूळ कपड्यांवर बसली.

पहिल्या दिवशी रिकाम्या कोपऱ्यात कुणीतरी दोनदा ठसकलं. घटकाभरानं तोही तसाच दोनदा ठसकला. दुसऱ्या दिवशी कोपरा दम लागेपर्यंत खोकला. भाऊसिंगनं पाणी ढोसलं, दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तरी खोकला आलाच, अगदी तेवढाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यातून बाईचा खोकला आला. शेवटी "ओ माय वं" असं कण्हणं. आवाज गोमतीचा होता, त्याच्या बायकोचा. तिला उभ्या जन्मात कधी खोकला झाला नव्हता.

हातोडा टाकून तो घराकडे पळत सुटला.

गोमती दारात उभी होती. त्याचा कालचा सदरा धुण्याआधी जोरजोरात झटकत होती. उन्हात पांढरं काहीतरी तरंगत होतं.

"झटकू नको! ठेव तो खाली!"

"असे काहून पळत आले तुमी?" ती हसली, आणि आणखी काही बोलायला तिनं खोल श्वास ओढला.