शटरसमोरचा गोलकीपर

"बाकशेठ आज मैदानात उतरला ना, तर उद्या सकाळी त्या शटरसमोर मी गोलकीपर. अख्ख्या गल्लीनं मला एकेक पेनल्टी मारायची," सलूनवाला वस्तरा हवेत नाचवत म्हणाला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं फेसासकट मान मागं घेतली.

"आणि नाही उतरला, तर महिनाभर तुझे टॉवेल मी धुतो," गॅरेजवाला म्हणाला. दोन दुकानं पलीकडचं ते शटर त्याचंच. हातावर हात पडला. ग्रीसला फेस लागला आणि फेसाला ग्रीस.

बाकशेठ म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, पेशानं गोलकीपर. सोळा वर्षांत अकरा क्लब, आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या नंबरचा. पहिला धडधाकट आहे तोवर यानं बाकावर बसायचं. बसण्याचा पगार घेणारा इतका प्रामाणिक माणूस गल्लीनं दुसरा पाहिला नव्हता.

टीव्हीवर हंगामातली शेवटची मॅच चालू होती. एक-एक अशी बरोबरी. दहा मिनिटं उरली तेव्हा बाकशेठची बायको सलूनच्या दारात येऊन उभी राहिली. घरी टीव्ही होता, पण एकटीला बघवेना.

"या वहिनी," गॅरेजवाल्यानं स्टूल पुसून दिलं. "बरोबरी पुरेल ना?"

"पुरेल. टिकले तर आणखी दोन वर्षं इथंच. हरले तर क्लब खालच्या गटात आणि पस्तिशीच्या वरचे सगळे घरी. आमचं घरी म्हणजे बाराव्या घरी." वहिनी बसल्या नाहीत. "वर्ष झालं, पडदे सुतळीवर टांगलेत. भिंतीला भोक पाडलं की गाव सुटतं, असा माझा अनुभव आहे."

सलूनवाल्याचा वस्तरा जरा खाली आला. "होईल हो बरोबरी. शेठ बाकावर बसले की क्लब हरत नाही."

तेवढ्यात तो पहिला गोलकीपर, बावीस वर्षांचा, बॉल सोडून भलतीकडेच धावला आणि त्यानं समोरच्या स्ट्रायकरला चक्क आडवा केला. रेफ्रीनं लाल कार्ड काढलं. पोरगं मैदानाबाहेर, आणि वर पेनल्टी.

कॅमेरा बाकाकडे वळला. बाकशेठच्या हातात अर्धं बिस्किट होतं. त्यानं ते शेजारच्या डॉक्टरच्या हातात ठेवलं, जॅकेट काढलं आणि हातमोजे चढवायला लागला.

"पैज," गॅरेजवाला हळूच म्हणाला.

"खड्ड्यात गेली पैज. आवाज वाढव."

पेनल्टी मारायला तोच आडवा झालेला स्ट्रायकर उभा राहिला. वर्षभरात अठरा मारल्या होत्या, अठराही आत. "संपलं मग," गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी म्हणालं.

"हा आमच्याकडे जेवायला असायचा," वहिनी म्हणाल्या. "सातव्या क्लबात. प्रॅक्टिस संपली की पहिला गोलकीपर घरी जायचा आणि हा यांना थांबवून ठेवायचा. रोज पन्नास पेनल्ट्या, दोन वर्षं. हे झोपेत कूस बदलायचे तीसुद्धा उडी मारून."

"म्हणजे शेठना त्याची नस अन् नस माहीत."

"यांना माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे ना."

टीव्हीवर बाकशेठ गोलच्या मधोमध उभा राहिला आणि हातमोज्यानं त्यानं उजवा कोपरा दाखवला. इथं मार, नेहमीसारखा. स्ट्रायकर हसला. बाकशेठही हसला. दोघं बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या साडूंसारखे दिसत होते.

"दाखवलाय तिकडं तो मारणार नाही," गिऱ्हाईक कुजबुजलं.

"मग डावीकडं."

"पण ते शेठनाही कळणार," सलूनवाला म्हणाला.

"तू दाढी कर गप."

शिटी वाजली. स्ट्रायकर धावत आला, पाय जोरात मागं नेला आणि दोन्ही कोपरे सोडून बॉल अलगद उचलून मधोमध टाकला. गोलकीपर कुठल्या तरी बाजूला उडणारच, हे धरून मारलेला बॉल. बाकशेठ उडाला नाही. जागचा हललासुद्धा नाही. बॉल आला आणि त्याच्या छातीशी जाऊन बसला.

"सोळा वर्षं काय शिकलाय तो?" गॅरेजवाला स्टुलावर चढून ओरडत होता. "न हलायला शिकलाय."

सलूनवाला गिऱ्हाइकाला कवटाळून नाचत होता. फेस आता दोघांच्याही तोंडाला होता. वहिनींनी दाराची चौकट धरली ती शेवटची शिटी होईपर्यंत सोडली नाही. एक-एकच राहिलं. मग त्या गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "मेस्त्री, तुमचं ड्रिल मशीन मिळेल? आत्ताच हवंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि त्यासमोर रांग लागली. सलूनवाला बाकशेठचेच हातमोजे घालून उभा. पहिली पेनल्टी निवृत्त हेडमास्तरीणबाईंनी घेतली. वय बहात्तर, पायात सपाता. बॉल रांगत गेला आणि सलूनवाला उलट्या बाजूला झेपावला. वहिनींनी त्याच्या दोन पायांतून काढला. इस्त्रीवाल्यानं मारलेला एवढा जोरात शटरवर आदळला की आवाजानं कबुतरं उडाली. एकोणीस झाल्या, एकोणीसही आत. कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी मोबाइलवर शूटिंग करत होतं.

सलूनवाला गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता. बाकशेठ हातात पाण्याची बाटली घेऊन त्याच्याजवळ गेला.

"शेठ, हे शटर केवढं मोठं आहे हो. मधे उभं राहिलं की दोन्हीकडं नुसतं मोकळंच दिसतं."

बाकशेठनं बाटली त्याच्या हातात दिली. मग शटरच्या पलीकडच्या कडेपासून तो चालायला लागला. इस्त्रीचं दुकान गेलं. झेरॉक्सवाला गेला. तो पार सलूनच्या दाराशी जाऊन थांबला आणि वळला.

"माझा गोल इथपर्यंत असतो," तो तिथून म्हणाला.

सलूनवाल्यानं एकदा शटरच्या त्या टोकाकडे पाहिलं, एकदा आपल्या दुकानाच्या दाराकडे. मग पाणी पिऊन घेतलं, हातमोजे घट्ट केले आणि गुडघे वाकवले.

"या," तो म्हणाला. "पुढचं कोण?"