स्वल्पविराम

शेवटचं गाणं तेवढं उरलं होतं, आणि ड्रायव्हरकाकांनी त्यातला शेवटचा सूर न गाण्याची तयारी केली होती.

बाईंनीच सकाळी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. या हौशी मंडळाला गाणं शिकवणाऱ्या बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, बोलायला फार मऊ. "काका, दवाखान्यातून येऊन तुम्हाला दोनच महिने झालेत. बाकी सगळं गा. शेवटच्या सुराला नुसते ओठ हलवलेत तरी चालेल."

"चालेल की," काका म्हणाले होते. छातीतलं पाणी काढल्यापासून तीन मात्रांपुढे त्यांचा दम टिकत नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण जन्मभर बस चालवलेल्या माणसाला कुणी शेजारच्या सीटवर बसवून नुसतं धरायला खोटं चाक द्यावं, तसं त्यांना झालं.

अमेरिकन समूहगीतांचा कार्यक्रम. हॉल भरलेला. अकरा गाणी झाली होती आणि बाराव्याचा शेवट अवघड होता. 'होम' या एकाच शब्दावर वरच्या सुरांत गाणारे तिन्ही गट थांबायचे आणि खालचा सूर मागच्या रांगेतल्या चार पुरुषांनी सोळा मात्रा धरून ठेवायचा. सोळा मात्रा एका दमात कुणालाच जमत नाहीत. म्हणून बाईंचा नियम होता : शेजारी जिथे श्वास घेतो तिथे आपण घ्यायचा नाही. ज्याने त्याने आपापल्या कागदावर पेन्सिलीने स्वल्पविराम काढायचा आणि तिथेच श्वास घ्यायचा. म्हणजे ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

"आला बरं का होम," शेजारचा बेकरीवाला पुटपुटला. "आहुती कुणाची पडते बघू."

"माझी पडली सकाळीच," काका म्हणाले आणि हसले.

हसता हसता त्यांची नजर बेकरीवाल्याच्या कागदावर गेली. मोठ्या अक्षरांची झेरॉक्स होती. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून रांगेतल्या दाताच्या डॉक्टरांनी दुपारी सगळ्यांसाठी काढून आणली होती. काकांनी घेतली नव्हती. त्यांच्या जुन्या कागदावर इतके स्वल्पविराम होते की मुंग्या चढल्यासारखा दिसे. बेकरीवाल्याच्या कागदावर एकच होता. नवव्या मात्रेवर, मोठा होऊन घेवड्याच्या दाण्याएवढा झालेला.

काकांनी मान वाकवून पलीकडे पाहिलं. शाळेच्या क्लार्कच्या कागदावरही तो दाणा. नवव्या मात्रेवर. त्याच्या पलीकडे खुद्द डॉक्टर.

डॉक्टरांनी स्वतःच्या कागदाची झेरॉक्स काढली होती. स्वल्पविरामासकट.

"अहो, तुमचा श्वास..." काका कुजबुजले, पण बाईंचा हात वर गेला होता. गाणं सुरू झालं.

आता कुणाला काही सांगायची सोय नव्हती. तिघेही कागदाबरहुकूम चालणारी माणसं. दाणा दिसला की श्वास घेणार. मग सूर तुटणार, तोही सगळ्यात शेवटी, भरल्या हॉलमध्ये. आणि तिथे उरणार होते ते ओठ हलवणारे एकटे काका.

समोर खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. दम लागला की ओढायचा पंप तिच्या मुठीत होता. काकांनी मनातल्या मनात हात जोडले.

'होम'. वरचे आवाज थांबले. चौघांचा सूर उरला, आणि चौघांत काका होते. बाईंना समोरून दिसत होते ते नुसते हलणारे ओठ.

तिसऱ्या मात्रेला काकांनी श्वास घेतला. सहाव्याला घेतला. पुढचा त्यांचाही स्वल्पविराम नवव्यावरच होता. पण पुढे खड्डा दिसतोय म्हटल्यावर ड्रायव्हर खड्ड्यात जाऊन ब्रेक दाबत नाही. आठव्यालाच त्यांनी मिळेल तेवढी हवा आत ओढली.

नववी मात्रा आली आणि उजवीकडचे तिघे एकदम गप्प झाले.

सूर राहिला. बारीक, थोडा थरथरता, पण राहिला. मग बेकरीवाला आला, क्लार्क आला, डॉक्टर आले, आणि काकांना वाटलं, पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतलं. अकराव्याला त्यांनी श्वास घेतला. चौदाव्याला घेतला. सोळाव्या मात्रेला बाईंनी मूठ मिटली.

टाळ्या थांबेनात. बाई पडद्यामागे धावतच आल्या. "नवव्याला मला वाटलं, तुटला सूर! धरून कोण होतं हो?"

बेकरीवाल्याने बोट दाखवलं. डॉक्टर आपल्याच झेरॉक्सकडे चोरासारखे बघत होते.

"काका? तुम्ही? श्वास कुठे घेतलात?"

"मिळेल तिथे, बाई."

"द्या, द्या तो कागद इकडे," डॉक्टर सावरून म्हणाले. "उद्या चार झेरॉक्स काढून आणतो."

"नको!" सगळी रांग एका सुरात ओरडली, आणि मग हशा आवरेना. हसून हसून काकांना ठसका लागला तरी कुणी घाबरलं नाही.

बायको मात्र हसली नाही. गर्दीतून वाट काढत ती जवळ आली. मूठ अजून मिटलेलीच होती. ती तिने उघडली, तेव्हा पंपाच्या कडेचा लाल वळ तळहातावर उमटलेला होता.

"पाच वेळा श्वास घेतलात," ती म्हणाली.

"मोजलेस?"

"मोजले." तिने भिंतीला पाठ टेकली. "मी एकदाही नाही घेतला."