आतली खुर्ची

वाद्यवृंदातल्या व्हायोलिनवाल्यांना बसवता बसवता प्रमुख बाईंच्या नाकी नऊ आले होते. स्वरलिपीच्या एका स्टँडसमोर दोघं: प्रेक्षकांकडच्या बाजूला बाहेरचा, पलीकडे आतला. पान संपलं की आतल्या खुर्चीतल्यानं थांबून ते उलटायचं.

"आणि बाहेरच्यानं थांबायचं नाही! किती वेळा सांगायचं?" बाई खेकसल्या.

जोड्या लावून एक माणूस उरलाच. शेवटच्या स्टँडवर काका एकटे, बाहेरच्या खुर्चीत; आतली रिकामी.

"काका, पान उलटताना तुमचं वाजवणं थांबत कसं नाही?" बाईंनी विचारलं.

"पान मी उलटतच नाही," काका म्हणाले. "मी बाहेरचा."

"मग कोण उलटतं, माझे आजोबा?"

सगळे हसले. काका सोडून.

बाईंचं डोकंच फिरलं. काकांना पुढे आपल्या जागी धाडून त्या तणतणत मागे गेल्या आणि काकांच्या खुर्चीत बसल्या. एकट्यानं पान कसं उलटतात, ते आता दाखवतेच!

वादन सुरू झालं. पान संपत आलं. बाईंनी गज थांबवून हात पुढे केला.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी वैतागून "च्च" केलं. हात पोचायच्या आत पान उलटलं.

"बाहेरच्यानं थांबायचं नाही," अगदी कानाशी आवाज आला. "किती वेळा सांगायचं?"