शेवटचा हौद

"अजून गारच आहे," हौदात हात बुडवून वहिनी म्हणाली आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे वळली.

शेगडीवर मोठी पातेली चढलेली होती. उकळी फुटली की फडक्यानं काठ धरून पातेलं उचलायचं, चर्चच्या सभागृहातून खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं न्यायचं आणि व्यासपीठाच्या फळ्या काढून उघड्या केलेल्या हौदात ओतायचं. बाप्तिस्मा घेणाऱ्याला हुडहुडी भरू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कामाला वहिनी आणि मानाला बाकीचे, असं मंडळीतले लोक गमतीनं म्हणत. गमतीनंच म्हणत असल्यामुळे त्यात कधी बदल झाला नाही. खुर्च्या पुसणं, पांढरे झगे धुऊन इस्त्री करणं, प्रभुभोजनाची भाकर आणि पेले लावून देणं, सगळं तिच्याकडे. बाप्तिस्मा झालेल्यांत भाकर फिरायला लागली की ती मोरीवर भांडी विसळत असायची. "इतकी नम्र बाई पाहिली नाही," म्हातारे म्हणत. आताचे पाळक बदलून आले, त्या दिवशीही ती मोरीवरच होती.

आज गुडघा फार कुरकुरत होता. हा शेवटचा हौद, पुढच्या वेळी दुसरं कोणी बघा, असं तिनं पाळकांना सांगूनच टाकलं होतं.

आणि शेवटचा हौद भरायचा तो कुणासाठी, तर धाकट्या दिरासाठी.

आईनं अंथरूण धरलं तेव्हा हा जो घराबाहेर पडला, तो तिच्या मातीलाही आला नाही. सासूबाईंना पुसणं, कूस बदलणं, चाकाच्या खुर्चीत बसवून दर रविवारी इथं आणणं, सगळं वहिनीनं केलं. सासूबाईही काही गोड स्वभावाच्या नव्हत्या. "आधी करून दाखवावं, मग मागावं," हे त्यांचं वाक्य ताटातल्या मिठासारखं रोज वाढलेलं असायचं. त्या गेल्या, मागोमाग नवरा गेला. वहिनी येतच राहिली. आणि आता हे भाऊजी उगवले होते. चार रविवार मागच्या खुर्चीत बसून रडले काय, मंडळीनं त्यांना डोक्यावर घेतलं. आयत्या बिळावर नागोबा.

पाळक खोकत खोकत स्वयंपाकघरात आले. त्यांचंही वय झालं होतं.

"थकलात?"

"थकले," वहिनी म्हणाली. "पाळकसाहेब, एक विचारू? यांना काय काय करावं लागलं?"

"कुणाला, दिराला? काही नाही."

"काहीच नाही? आधी कुठं राबायचं, कुणाची सेवा करायची..."

पाळकांनी उसासा टाकला. ही तक्रार त्यांच्या ओळखीची होती. नवा माणूस आला की एखाद्या जुन्याच्या पोटात दुखायचंच.

"वहिनी, देवाचं तारण फुकट असतं. लायक होऊन कुणी येत नाही. महाग आहे ते पुढचं, वधस्तंभ उचलून मागं चालणं. त्यात माणसाचं काही शिल्लक राहत नाही."

"आणि कुणी उलटं केलं तर? आधी चालूनच घेतलं तर?"

"तर त्याचे पाय दुखत असतील," पाळक हसले.

ती हसली नाही. त्यांना वाईट वाटलं.

"येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या मुलाच्या थोरल्या भावासारखं रुसून बाहेर उभं राहू नका, वहिनी. आत या."

"बाहेर कुठं उभी राहते? मी मोरीवर असते," ती म्हणाली आणि पातेलं उचललं.

झग्यांच्या खोलीत भाऊजी अवघडून उभे होते. त्यांनी खुंटीवरचा हाताला लागला तो झगा ओढला. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंतच आला.

"तो ठेवा," वहिनी चटकन म्हणाली. "तो कुणालाच होत नाही."

पाळक एकदा म्हणाले होते, त्याची पुसणी करा. चांगलं कापड आहे, म्हणत तिनं ते कानाआड केलं होतं. दर वेळी इतरांबरोबर तोही धुतला जायचा, इस्त्री होऊन खुंटीवर जायचा. तिनं तो जागेवर टांगला आणि लांब झगा भाऊजींच्या हातात दिला.

"वहिनी, राग आहे ना माझ्यावर?"

"आहे."

भाऊजींनी मान खाली घातली. "मला वाटलं होतं, निदान वर्षभर इथं झाडू मारायला लावतील. मगच घेतील."

"मलाही तसंच वाटलं होतं," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजातला राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही. "टॉवेल घ्या. पाणी कोमट आहे, घाबरू नका."

भाऊजी पाण्यात उतरले, पाळकांच्या हातावर मागे कलले, बुडाले आणि वर आले ते लहान मुलासारखे हुंदके देत. मंडळी गायला लागली. काठावर वहिनीनं त्यांचं डोकं पुसलं, जरा जोरातच पुसलं. मग दुसरा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकून ती आत गेली.

"आणखी कोणी आहे का?" पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं. नेहमीप्रमाणे कोणी नव्हतं. हा प्रश्न म्हणजे वहिनीनं येऊन हौदाचं बूच काढायची खूण, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. लोक पिशव्या उचलायला वाकले.

पाळक चष्म्यावरचं पाणी पुसत होते. पायऱ्यांवर ओळखीची, एका गुडघ्यानं अडखळणारी पावलं वाजली आणि पाणी हललं.

"बूच राहू द्या, वहिनी. आधी मला तर बाहेर पडू द्या."

"बूच नाही काढत," वहिनी म्हणाली.

पाळकांनी चष्मा लावला आणि वर पाहिलं. तो बुटका झगा तिला अगदी मापात बसला होता.