डाव्या हाताचा एक्स-रे

मैनाने मालूच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. मनगट सुजलं होतं, तरी मालूने हात मागे ओढला नाही.

रोह्याच्या त्या खाजगी हॉस्पिटलात एक्स-रेच्या इंटर्नची प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षक महिपती सर पेणहून आले होते आणि काचेआडून बघत होते. केस सोपी आहे, बाई ओट्यावरून पडलीय, केसपेपर नंतर करू, असं त्यांनी सांगितलं होतं.

मैनाचे आईवडील मिठागरावर राबायचे. आज पास झाली की तिची इथेच नोकरी पक्की होती.

तिने मालूच्या नवऱ्याला, जगनला, बाहेर बसवलं. दिवस राहिलेत का, हे हळूच विचारून घेतलं. शिशाचा एप्रन बांधला, हात जपून ठेवला, दोन बाजूंनी फोटो काढले. सरांनी मान हलवली.

स्क्रीनवर हाड उमटलं आणि मैना थबकली. ताजी मोड होतीच. शिवाय आणखी दोन, जुन्या, वेड्यावाकड्या जुळलेल्या.

ती मालूजवळ गेली. "कोन मारतो गो?"

मालूने काचेकडे पाहिलं, मान खाली घातली. "पडली मी."

"भिऊ नको. सरांना सांगते. चांगले हायत ते."

मालूने डोळे मिटून घेतले.

निदान करणं आपलं काम नाही, बोललं तर गुण जातील, हे मैनाला ठाऊक होतं. तरी ती काचेआड सरांकडे जाऊन बोलली. हा मार अडवताना मोडलेला हात आहे, डॉक्टरांना कळवायला हवं, पोलिसांनाही.

सर तिच्याकडे वळले. "आणखी कोणाला बोललीस?"

"नाय सर. तुम्हालाच."

"डॉक्टरांशी मी बोलतो. आता तू यात पडू नकोस."

त्यांनी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले आणि फिल्म पाकिटात घालून स्वतःकडे ठेवली. मैनाचे डोळे भरून आले. नोकरीपेक्षाही, एवढ्या मोठ्या माणसाने आपलं ऐकलं म्हणून.

दुपारी फाटकाबाहेर एक गाडी उभी होती. मागच्या सीटवर मालू, शेजारी जगन. महिपती सर पुढे येऊन बसले.

"पोरीला कळलं काय, दादा?" जगनने विचारलं.

"मिटवलं मी," थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला. "यापुढं हाडावर मारू नको."