मंत्र्यांचं तेल

"साहेबानू, ह्या तेल गाडयेचा. आपल्या बचाव-बोटीक चालाचा नाय. फुल स्पीडात इंजिन जाम जातला." बस्त्याव मेकॅनिक चौथ्यांदा सांगत होता.

"तेल ते तेल रे. टेंडरमध्ये हेच बसतं," बंदरावरचे साहेब म्हणाले.

मे महिन्यात याच तेलावर बोट निम्म्या वाटेत बंद पडली होती. दोन पर्यटक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाले. अहवालात लिहिलं, समुद्र खवळला होता. खाली सही बस्त्यावची. तेव्हापासून तो झोपून उठला तरी थकलेलाच असायचा.

मग मंत्री या बोटीतून किल्ला बघणार असं ठरलं आणि दोन तासांत बोटीच्या इंजिनाचं खास तेल जेटीवर आलं. म्हणजे मिळत होतं. बुडणाऱ्यांसाठी मिळत नव्हतं, एवढंच.

बस्त्यावने जुनं तेल काढलं. नवा कॅन उघडणार, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "दौरा रद्द झाला. कॅन फोडू नको, परत पाठव. पुढच्या दौऱ्याला होईल."

बस्त्यावने मांडीवरच्या सीलबंद कॅनकडे बघितलं.

"ओतलंय, साहेबानू," तो म्हणाला. मग त्याने सील तोडलं.