कॅनबेरातली दोन माणसं

सईने टीपॉयवरचा पेपर उचलून बाजूला टाकला आणि सातही विमानं एका रांगेत उभी केली. थर्माकोलची, चंदेरी रंगाची, पंखांना आतून आइस्क्रीमच्या काड्या. काल अंबरनाथला शाळेच्या प्रदर्शनात तिचा दुसरा नंबर आला होता. पहिला आला कचऱ्यापासून वीज. दरवर्षी तोच येतो, असं सईचं स्पष्ट मत होतं.

सोफ्यावर कुमुदिनीबाई बसल्या होत्या. काल प्रदर्शनात चौथ्या विमानाखालची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली होती. ‘कॅनबेरा. हे विमान माझे आबा श्यामकांत चालवायचे.’ त्यांचे यजमान, जयदेव, त्याच विमानात नकाशा घेऊन आबांच्या पुढे बसायचे. एक्कावन्न वर्षांपूर्वी ते विमान पडलं. आबा वाचले, जयदेव गेले.

“भाऊजी, तुम्ही इथे चिखलोलीत, आणि मला पत्ताच नाही,” त्या म्हणाल्या. “रिक्षाने दहा मिनिटं लागली.”

“हो,” आबा म्हणाले. त्यांचा चहा तसाच होता.

सईला अशी शांतता अजिबात झेपत नाही.

“आजी, मी एक्सप्लेन करू? काल परीक्षकांनी पूर्ण ऐकलंच नाही. त्यांचं सगळं लक्ष वड्यांकडे.”

“सांग की.”

“सगळी ब्रिटिश बनावटीची हां. हे वापिती. लाकूड, कापड, पंख दोन मजली. पायलटचं डोकं बाहेर, वाऱ्यात! आपली एअरफोर्स याच्यावर सुरू झाली. हे स्पिटफायर, दहा वर्षांत स्पीड डबलच्या वर. मग हे व्हॅम्पायर. पुढचा पंखाच गायब, कारण डायरेक्ट जेट!”

“आणि पडायला लागलं तर?” कुमुदिनीबाईंनी विचारलं. “बाहेर कसं यायचं?”

सई खूश झाली. हा प्रश्न काल कोणीच विचारला नव्हता.

“वापितीत सोपं. पट्टा सोडायचा, उडी मारायची. स्पिटफायरमध्ये काच मागे सरकवायची आणि विमानच उलटं करायचं, म्हणजे आपण आपोआप खाली. व्हॅम्पायरमध्ये पण आपलं आपणच. मग आली खुर्ची! डोक्यावरचं हँडल खाली ओढलं की खुर्चीच माणसाला घेऊन उडते. हंटर, नॅट, दोघांना आहे. आणि हे हॅरियर तर एकदम कडक. विमान जमिनीवर उभं असलं ना, तरी खुर्ची माणसाला वर फेकून वाचवते.”

“चौथं राहिलं.”

सईने आबांकडे पाहिलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. खाली नव्या स्टेशनच्या कामाचं मशीन धडधडत होतं.

“कॅनबेरा,” सईचा आवाज जरा उतरला. “यात पायलटला खुर्ची आहे. पुढच्याला… पुढच्याला दार आहे. त्याने छातीला पॅराशूट अडकवायचं, उठायचं, दार उघडायचं, उडी मारायची. वेळ लागतो ना, म्हणून पायलटने आधी त्याला सांगायचं. बेल आउट, बेल आउट, बेल आउट. म्हणजे बाहेर उडी मार. तीनदा. मग थांबायचं. मगच आपलं हँडल. रूल आहे तो. हो ना, आबा?”

आबांनी मान हलवली.

“तेव्हा एअरफोर्सकडून आलेल्या पत्रातही तेच होतं,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “तीनदा हाक मारली, उत्तर आलं नाही. म्हणजे हे आधीच बेशुद्ध असणार. ह्यांना काही कळलं नसणार. त्या एका पत्रावर मी दिवस काढले, भाऊजी. मी दुसरं काही विचारायला आले नाही. फक्त ऐकायचंय. ह्यांना तुम्ही जशी हाक मारलीत, तश्शी मारा.”

“नको, वहिनी.”

“मारा.”

आबा खुर्चीत ताठ झाले. घरात ते इतकं हळू बोलायचे की आई त्यांना सगळं दोनदा विचारायची. आता जो आवाज आला तो सईने कधी ऐकलाच नव्हता. मोठा, तरुण, घाबरलेला.

“बेल आउट!”

कुमुदिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. सईने नकळत एक बोट वर केलं होतं. दुसरं अर्धं उचललं आणि ती थांबली.

मशीनची धडधड चालूच होती.

“आणखी दोन,” कुमुदिनीबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

आबांचे दोन्ही हात डोक्याच्या वर गेले होते. मुठी आवळलेल्या, काहीतरी खाली ओढायला निघालेल्या.

“आबा, पण रूल तर…” सई म्हणाली.

कुमुदिनीबाईंनी डोळे उघडले. त्यांनी ते हात पाहिले. बराच वेळ पाहिले.

“एवढंच?”

“एवढंच,” आबा म्हणाले. हात खाली आणायचं त्यांना सुचत नव्हतं.

कुमुदिनीबाईंनी पर्स खांद्याला लावली. उठल्या, पण गेल्या नाहीत. आबांचा एक हात धरून त्यांनी तो खाली आणला, खुर्चीच्या दांडीवर ठेवला. मग दुसरा.

“पहिल्या हाकेला हे कधीच उठायचे नाहीत, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “घरीसुद्धा. दुसरीला उठायचे.”